इंग्रजीतला हरवलेला ‘तू’

शाळेत पहिल्याच इयत्तेच्या इंग्रजीत आपल्याला शिकवतात की ‘यू’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही आणि ‘यू’ म्हणजे आपणही. नोकराला यू, राणीला यू. मग आपण समजतो की इंग्रज मोठे समतावादी, त्यांच्या भाषेत अरेतुरे नाहीच. मित्रहो, इतिहास मात्र नेमका उलटा आहे. इंग्रजीत ‘यू’ हा ‘तुम्ही’ आहे. हरवला आहे तो ‘तू’.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एकाला ‘थू’ म्हणत. आपल्या कानाला तो शब्द थुंकल्यासारखा वाटेल, पण तो आपला सख्खा नातेवाईक आहे. संस्कृत ‘त्वम्’, फारसी आणि मराठी ‘तू’, लॅटिन ‘तू’ आणि हा ‘थू’ ही सगळी एका घरची भावंडे. अनेकांसाठीचा ‘यी’ संस्कृत ‘यूयम्’च्या नात्यातला. शिवाय दोघांसाठी ‘यित’ असे वेगळे सर्वनाम होते, जसे संस्कृतात ‘युवाम्’ किंवा अरबीत ‘अन्तुमा’. हे द्विवचन तेराव्या शतकापर्यंत गळून पडले.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबाराची भाषा फ्रेंच झाली आणि फ्रेंचांचा रिवाज हळूहळू इंग्रजीत मुरला. वरच्याला अनेकवचन, खालच्याला एकवचन. ‘थू’चा पुढे ‘दाऊ’ झाला. बाप मुलाला, मालक गड्याला दाऊ म्हणे, उलट उत्तर मात्र ‘यू’ने यायचे. प्रेमातही दाऊ चाले आणि भांडणातही. आपल्या ‘तू’सारखाच दुधारी शब्द!

त्याची धार किती, हे १६०३ साली दिसले. सर वॉल्टर रॅलेवर विंचेस्टरला राजद्रोहाचा खटला चालला होता. अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला दाऊ म्हटले. नुसते म्हटले नाही, तर मी तुला दाऊ म्हणतो आहे, असे बजावून म्हटले. एका सरदाराची इज्जत एका सर्वनामाने उतरवली.

पुढे १६४७च्या सुमारास जॉर्ज फॉक्स हा धर्मोपदेशक फिरू लागला. त्याच्या अनुयायांना क्वेकर म्हणतात. त्यांचा हिशेब सरळ होता : समोर माणूस एक, तर वचनही एक. एकाला अनेकवचन लावणे म्हणजे खोटे बोलणे आणि खुशामत करणे. म्हणून ते न्यायाधीशालाही दाऊ म्हणत आणि डोक्यावरची टोपीही काढत नसत. १६६० साली फॉक्सने दोन सहकाऱ्यांबरोबर एक जाडजूड ग्रंथ छापून अनेक भाषांतले दाखले दिले, की एकवचन ते एकवचनच. व्याकरणासाठी इतका छळ सोसलेला दुसरा पंथ मला तरी माहीत नाही.

टॉमस एलवुड हा त्यातलाच एक विशीतला तरुण. वडील ऑक्सफर्डशरमधले न्यायदंडाधिकारी. मुलगा क्वेकर झाला आणि खुद्द वडिलांना दाऊ म्हणू लागला. वडिलांनी त्याला बडवले, पुन्हा हा शब्द काढलास तर दात घशात घालीन, असे धमकावले. एकेक करून त्याच्या सगळ्या टोप्याही काढून घेतल्या. थंडीचे दिवस, बिनटोपीचे बाहेर पडणे नाही, म्हणून पोरगा घरात अडकला. आपल्याकडेही बापाला अरेतुरे केले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. हाच एलवुड १६६२ साली आंधळ्या मिल्टनला लॅटिन पुस्तके वाचून दाखवू लागला आणि पुढे ‘पॅरडाइज लॉस्ट’चे हस्तलिखित मिल्टनने त्याच्या हाती दिले.

क्वेकर हरले. व्यापार वाढला, शहरे वाढली. समोरचा कोण, हे न कळणाऱ्या गर्दीत ‘तुम्ही’ म्हणणे बिनधोक. ‘तू’ म्हणून अपमान होण्यापेक्षा उगाच मान दिलेला बरा. सतराव्या शतकाअखेर दाऊ शिष्ट बोलीतून जवळपास गेला. समता आली ती सगळ्यांना खाली ओढून नव्हे, सगळ्यांना ‘तुम्ही’च्या पाटावर बसवून. यॉर्कशरच्या खेड्यांतून तो पुढेही ऐकू येत राहिला.

आणि उरला प्रार्थनेत. १६११च्या बायबलच्या भाषांतरात एकाला दाऊ आणि अनेकांना यी, असा काटेकोर भेद आहे. देवालाही दाऊ आणि सैतानालाही दाऊच. घरातून शब्द गेला, देवळात राहिला, म्हणून पुढच्या पिढ्यांना तो फार आदराचा वाटू लागला. १९५२च्या एका सुधारित भाषांतराने तर माणसांचा दाऊ काढून फक्त देवापुरता ठेवला. मुळात ती जवळीक होती. आमच्या घरी उर्दूत दुआ मागताना वडीलधाऱ्यांना ‘आप’ म्हणणारी माणसे अल्लाहला ‘तू’च म्हणतात आणि वारकरीही विठ्ठलाला अहोजाहो करीत नाही.

एक शब्द गेला की भाषा खड्डा बुजवायला धावते. आता एकाला आणि अनेकांना एकच ‘यू’ पुरेना, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ झाले, आयर्लंडमध्ये ‘यूज’ आले. एकवचनाचा ‘तू’ मात्र कोणी परत आणला नाही. त्याचा भार आमच्यासारख्यांवर पडतो. इंग्रजी कथा मराठीत आणताना नायक-नायिका पहिल्या पानावर ‘तुम्ही’ म्हणतात, शेवटी ‘तू’. मधल्या कुठल्या पानावर हा बदल करायचा, ते मूळ पुस्तकात कुठेच लिहिलेले नसते.