चाकणची धाकटी मोटारसायकल

पंढरपूर तालुक्यांतील करकंबचा तरुण अठरा वर्षें पुरीं करून गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळवितो, तेव्हां एंजिनाच्या आकारावर कायदा त्यास कसलीच मर्यादा घालीत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ५० घनसेंटिमीटरांची अट घातली ती केवळ सोळा वर्षांच्या मुलांसाठीं.

युरोपनें पायऱ्या बांधल्या. तेथें २०१३ पासून लागू झालेल्या नियमांत पहिली पायरी १२५ घनसेंटिमीटर व ११ किलोवॅट, म्हणजे सुमारें १५ अश्वशक्ति, इतकीच. त्या पायरीस साजेशी गाडी घडली मात्र महाराष्ट्रांत! २००७ सालीं बजाज ऑटोनें ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनींत भांडवल घातलें. २०११ पासून चाकणची १२५ ड्यूक युरोपास जाऊं लागली. २०१४ सालीं शर्यतीच्या गाडीसारख्या घाटाची आरसी १२५ तिच्या मागोमाग गेली. मौज अशी कीं, त्याच वर्षीं भारतांत विक्रीस आल्या त्या तिच्या थोरल्या बहिणी, आरसी २०० आणि ३९०. धाकटीला येथें यावयास २०१९ साल उजाडलें.

तोंवर करकंबच्या नवशिक्यानें पहिलीच गाडी म्हणून ३७३ घनसेंटिमीटरांची आरसी ३९० घेतली असती, तरी कायद्याच्या दृष्टीनें त्यांत कांहींच वावगें नव्हतें.