टॉप लिंक: एका दांडीची गोष्ट

हा आपल्या भागाचा लेखी उतारा. बोलताना मी बरेच हातवारे करतो, ते इथे दिसणार नाहीत, म्हणून दोन-चार वाक्यं जास्तीची घातली आहेत.

गोष्ट सुरू होते आमच्या मंगरूळपीरच्या एका लेथच्या दुकानात. माझ्या पुतण्याला दगडांवर चढणाऱ्या रिमोटच्या गाडीचं वेड लागलंय. त्याला रॉक क्रॉलर म्हणतात. वेगाशी तिला घेणंदेणं नाही. मुंगीच्या चालीने खडकावर चढायचं, एवढंच तिचं काम. याची गाडी मोठ्या मापाची, म्हणजे खऱ्या जीपच्या पाचव्या हिश्श्याची. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साधारण अर्धा मीटर. गाडीसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्या नाल्यातल्या काळ्या दगडांवर आपटून वाकल्या. या दांड्यांना लिंक म्हणतात, त्या अ‍ॅक्सलला सांगाड्याशी धरून ठेवतात. म्हटलं, चला, अ‍ॅल्युमिनियमच्या करून घेऊ.

लेथवाल्या चाचांनी वाकलेली दांडी हातात घेतली, दोन्ही टोकांच्या गोट्या फिरवून पाहिल्या आणि हसले. "हे तं टॉप लिंक हाय भाऊ, बारकी!"

मंडळी, त्या एका वाक्यावर हा सगळा भाग उभा आहे.

ट्रॅक्टर पाहिलेला माणूस टॉप लिंक ओळखतोच. मागे तीन दांड्या असतात: खाली दोन, वर मधोमध एक. नांगर असो, रोटाव्हेटर असो, याच तिघींवर लटकतो. वरची ती टॉप लिंक. तिच्या मधल्या नळीत दोन्ही बाजूंनी स्क्रू जातात, एका बाजूला सरळ आटे, दुसऱ्या बाजूला उलटे. नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम बाहेर येतात किंवा एकदम आत जातात. टोकाला गोटी असते, म्हणून दांडी आवळली तरी हलायला मोकळी राहते. क्रॉलरची लिंक अगदी तशीच. आता ही कल्पना आली कुठून?

थोडं मागे जाऊ. १७८४ साली जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनासाठी दांड्यांच्या एका जुळणीचं पेटंट घेतलं. त्याची अडचण अशी होती: दट्ट्या सरळ रेषेत वर-खाली जातो, पण वरच्या तुळईचं टोक कमानीत फिरतं. दोघांना जोडायचं कसं? वॅटने मध्ये काही दांड्या अशा बसवल्या, की त्यांच्यातला एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालू लागला. म्हातारपणी आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणाला होता, की आपल्या सगळ्या यंत्रशोधांत त्याला याचाच अभिमान जास्त आहे. दांडीचं काम काय असतं, ते इथे कळतं. वस्तूला कुठे जायची परवानगी नाही, हे ती ठरवते. उरलेली वाट आपोआप मोकळी राहते.

आता शेतात येऊ. १९१७ मध्ये फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर निघाला. स्वस्त होता, खूप खपला, पण त्याची एक खोड लवकरच कुप्रसिद्ध झाली. मागे साखळीने किंवा हुकाने नांगर ओढताना फाळ दगडाला अडकला, की मागची चाकं थांबत आणि इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरच्या धडावर येई. तोंड उचलून ट्रॅक्टर उलटा, थेट चालकाच्या अंगावर. माणसं मेली.

त्याच १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश मेकॅनिककडे ट्रॅक्टरची नांगरणी सुधारण्याचं सरकारी काम आलं. हा १८८४ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस. गावोगाव फिरून त्याने पाहिलं, की नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन वेगळी जनावरं एका दोरीला बांधल्यासारखी चालतात. त्याने दोघांचं एक अंग केलं. नांगर दांड्यांवर टांगला, पेटंट घेतलं आणि सुधारणा करत करत आजच्या तीन दांड्यांवर आला.

यातली गंमत नीट समजून घ्या. खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात. फाळ अडकला की नांगर पुढे कलंडू पाहतो. तेव्हा टॉप लिंक दाबली जाते आणि तो दाब ट्रॅक्टरला अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला पुढे ढकलतो, म्हणजे तोंड खाली दाबतो. जे बळ आधी ट्रॅक्टर उलटवायचं, तेच आता त्याला जमिनीवर धरतं. शिवाय बाजूने पाहिलं तर वरची आणि खालची दांडी पुढे एकमेकींकडे झुकलेल्या असतात. त्या रेषा मनातल्या मनात पुढे वाढवा. जिथे त्या मिळतात, तिथूनच नांगर ओढला जातोय असं ट्रॅक्टरला वाटतं. त्या जागी ना हूक असतो, ना खिळा, पण ओढ तिथूनच लागते.

१९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. १९३९ मध्ये त्यांचा ९-एन ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फोर्डच्या नातवाने करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं, १९५२ मध्ये मिटलं. तोवर फर्ग्युसनचा स्वतःचा टीई-२० इंग्लंडमध्ये १९४६ पासून तयार होऊ लागला होता. तेच ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला!

आपल्याकडे १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. हळूहळू टॉप लिंक हा शब्द वऱ्हाडातल्या खेड्यांतही डवरा-वखरासारखा घरचा झाला.

गाड्यांमध्ये मात्र दांड्या उशिरा आल्या. जुन्या जीपला पाटे असत. पाटा वजनही पेलतो आणि अ‍ॅक्सलही जागेवर धरतो, दोन्ही कामं एकटाच. स्वस्त आणि मजबूत, पण ताठ. १९७० च्या रेंज रोव्हरने कामं वाटून दिली: वजन गुंडाळीच्या स्प्रिंगवर, अ‍ॅक्सल दांड्यांवर. म्हणून चाक खड्ड्यात खोल उतरू शकलं. आपल्या थारचंच पाहा. २०१० च्या थारला मागे पाटे होते. २०२० च्या नव्या थारला मागे स्प्रिंग आणि दांड्या आल्या. क्रॉलरवाल्यांनी हेच उचललं आणि अजून ताणलं.

क्रॉलरच्या एका अ‍ॅक्सलला चार लिंक. खालच्या दोन जाड, कारण दगडाचा मार त्यांनाच. वरच्या दोन इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या. त्या तिरपेपणामुळे अ‍ॅक्सल आडवा सरकत नाही. चौघी मिळून अ‍ॅक्सलला दोनच गोष्टी करू देतात: वर-खाली होणं आणि डावं-उजवं कलणं.

चाचांनी दहा मिलिमीटरचा गज कापला, दोन्ही टोकांना पाच मिलिमीटरचं भोक पाडलं आणि एम-सहाचे आटे पाडले, एका टोकाला सरळ, एका टोकाला उलटे. आट्यांतलं अंतर एक मिलिमीटर. म्हणजे दांडी एकदा पूर्ण फिरवली की लांबी दोन मिलिमीटरने बदलते. माप गोटीच्या मध्यापासून गोटीच्या मध्यापर्यंत घ्यायचं. डावी-उजवी जोडी जराही कमी-जास्त झाली तर अ‍ॅक्सल वाकडा बसतो. म्हणून चाचांनी फळीवर दोन खिळे ठोकून फर्मा केला आणि प्रत्येक दांडी त्यावर तपासली.

गाडी जोडली, नाल्यात नेली. चढावर रेस दिली की मागचा भाग बसायचा, तोंड उचललं जायचं आणि गाडी पाठीवर. तीनदा. पुतण्या हसत होता. मला हसू येईना.

कारण आमच्या घरात हे एकदा झालेलं आहे. मी शाळेत होतो. पावसाळ्यात ट्रॉली चिखलात रुतली. मोठ्या काकांनी साखळी खालच्या हुकाला न लावता वर, टॉप लिंकच्या जागी बांधली. उंचावरून जास्त जोर लागेल असं त्यांना वाटलं. क्लच सोडला, तोंड उचललं. काका त्यातून उठले नाहीत. आजी शेवटपर्यंत म्हणायची, तो ट्रॅक्टरच अपशकुनी. गावातले म्हणायचे, नशीब.

मंडळी, ना अपशकुन होता ना नशीब. टॉप लिंकची जागा ढकलणारं बळ घेण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. अ‍ॅक्सलच्या वरून मागे ओढ बसली, की ती ओढच ट्रॅक्टरला मागे उलटवते. फर्ग्युसनने वाचवण्यासाठी केलेली जागाच तिथे घात करते. हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टर घरी आला तेव्हा चालवायला शिकवलं, एवढंच.

त्या संध्याकाळी आम्ही गाडी बाजूने नीट पाहिली. वरच्या आणि खालच्या लिंक अगदी समांतर बसल्या होत्या, त्या पुढे कुठे मिळतच नव्हत्या. वरच्या लिंकचं सांगाड्याकडचं टोक एक भोक खाली घेतलं आणि बॅटरी पुढे सरकवली. मागचा भाग बसायचा थांबला. अजून एक भोक खाली घेऊन पाहिलं, तर मागची चाकं उड्या मारायला लागली. पुन्हा वर घेतलं. फार उभ्या चढावर गाडी अजूनही उलटते, कारण वजनाचा मध्य कुठे आहे ते दांडी बदलू शकत नाही. पण आधीच्या दगडावर ती चढली.

पुतण्याला मी काकांची गोष्ट तिथेच, नाल्यात बसून सांगितली. त्याने गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "मग साखळी कुठं बांधायची?"

खाली. नेहमी खाली, ड्रॉबारच्या हुकाला. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ट्रॅक्टर असेल, तर आज एवढं तेवढं घरात सांगा. भेटू पुढच्या भागात.