बिग-ओ आणि आपला 'शब्द'



सिंगापूर म्हणजे स्वच्छ रस्ते, वेळेवर गाड्या आणि कल्चरच्या नावाने बोंब, हे आपल्या गेट-टुगेदरमधलं ठरलेलं वाक्य. इथे बुकित बातोकला राहून मीही ते बरेचदा ऐकलंय. तेव्हा मी विचारतो, 'बिग-ओ' माहीत आहे का?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकात इथे स्थानिक बँड जोरात होते. १९६४ मध्ये द क्वेस्ट्सच्या 'शँटी'ने तर इथल्या यादीत बीटल्सना मागे टाकलं! पुढे सरकारने लांब केसांविरुद्ध मोहीम उघडली. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचा कार्यक्रम केसांपायी रद्द झाला. रॉक म्हणजे वाया गेलेली पोरं, असं समीकरणच झालं.

अशा गावात १९८५ मध्ये मायकेल आणि फिलिप चिया हे भाऊ आणि स्टीफन टॅन यांनी फोटोकॉपी काढून एक अंक सुरू केला. नाव 'बिफोर आय गेट ओल्ड', म्हणजेच 'बिग-ओ'. हे नाव द हू या बँडच्या १९६५ च्या 'माय जनरेशन' गाण्यावरून घेतलेलं. परदेशी संगीतावर त्यात लिहिलं जाईच, पण खरं काम वेगळं होतं. स्थानिक पोरांनी स्वतः रचलेली गाणी रेडिओ वाजवत नव्हता, तर यांनी कॅसेट काढली आणि तिला नाव दिलं 'नथिंग ऑन द रेडिओ'. (टोमणा कळला ना?) १९९० पासून रीतसर छापील मासिक झालं, मग 'न्यू स्कूल रॉक' हे संग्रह आले. द ऑडफेलोजसारख्या बँडना श्रोता मिळाला, त्यात या मंडळींचा वाटा मोठा.

मला हे वाचताना 'शब्द' आठवतो. १९५० च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी काढलेलं सायक्लोस्टाइल अनियतकालिक. तिथे कविता, इथे गिटार. पण प्रतिष्ठितांनी दार उघडायची वाट कोणीच पाहिली नाही. गंमत म्हणजे कोलटकरही पुढे पखवाज शिकले आणि इंग्रजीत गाणी रचू लागले.

फरक एवढाच की 'शब्द'चा वारसा मराठीत निदान समीक्षक तरी सांगतात. 'बिग-ओ'चा छापील अंक २००३ मध्ये थांबला, नंतर ते इंटरनेटवर गेलं. जुने अंक मात्र लोकांच्या घरी खोक्यांत असणार, आणि इथे घर बदलताना पहिल्यांदा फेकली जाते ती रद्दी. शेजारच्या अंकल-आंटींकडे एखादं खोकं दिसलं, तर आधी उघडून बघा.