मनाचा रकाना

भूसंपादनाची संयुक्त मोजणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असते, सरकारी नजरेतून फारसे काही सुटत नाही. विहीर बांधीव की कच्ची, आंबा कलमी की रायवळ, गोठ्यावर पत्रा की कौले, सगळे कागदावर येते आणि निवाड्यात त्याला भाव लागतो. गाव उठल्यावर माणसांची झोप उडते, म्हातारी अबोल होतात, हे गावाला माहीत असते, कागदाला नसते. प्रकल्पाच्या अहवालात मनासाठीही एखादा रकाना असावा, ही कल्पना आली कुठून? तिचा माग काढत गेल्यास आपण बॉस्टन शहरातल्या एका आगीपाशी पोहोचतो.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तिथला ‘कोकोनट ग्रोव्ह’ हा नाइट क्लब जळाला आणि ४९२ माणसे दगावली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी वाचलेल्यांशी आणि मृतांच्या आप्तांशी बोलून १९४४ मध्ये शोकावर एक निबंध लिहिला. सारखे सुस्कारे, गेलेल्या माणसाचे रूप डोळ्यांपुढून न हलणे, स्वतःला बोल लावणे, रोजची साधी कामेही न सुचणे, अशी लक्षणे त्यांनी एखाद्या तापाची नोंदावीत तशी नोंदवली.

त्या हॉस्पिटलला लागूनच वेस्ट एंड नावाची वस्ती होती. इटालियन, ज्यू, पोलिश कामकऱ्यांची. जुन्या भाड्याच्या इमारती आणि अरुंद गल्ल्यांची. शहराच्या कारभाऱ्यांनी तिला गलिच्छ वस्ती ठरवले आणि १९५८ पासून ती पाडायला घेतली. सुमारे २,७०० कुटुंबे हलवली गेली. लिंडमन यांच्या चमूने पाडकामाआधी रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या होत्या. ते तिथे थांबले नाहीत. घरे बदलून दोन वर्षे उलटल्यावर त्याच माणसांना गाठून त्यांनी पुन्हा विचारले. चमूतले मार्क फ्रीड यांनी १९६३ मध्ये निष्कर्ष छापले, आणि त्यांना नाव दिले गमावलेल्या घराच्या शोकाचे. स्त्रियांपैकी ४६ टक्के आणि पुरुषांपैकी ३८ टक्के लोकांमध्ये बऱ्यापैकी तीव्र किंवा त्याहून जास्त शोकाच्या खुणा होत्या. २६ टक्के स्त्रिया दोन वर्षांनीही खिन्न होत्या. ज्याला वस्ती जितकी जवळची, गल्ल्या जितक्या पायाखालच्या, त्याला शोक तितका मोठा. आगीत माणूस गेल्यावर जे होते तेच घर गेल्यावरही होते, हे आता आकड्यांत आले होते. आणि या वेळी आग लावणारी यंत्रणा नगर नियोजनाची होती.

फ्रीड यांचे निष्कर्ष आफ्रिकेत पोहोचले. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणामुळे ग्वेम्बे खोऱ्यातले सुमारे ५७,००० टोंगा लोक १९५० च्या दशकाच्या अखेरीस उठवले गेले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे दोन मानववंशशास्त्रज्ञ १९५६ पासून, म्हणजे पाणी चढण्याआधीपासून, त्यांच्यात राहून अभ्यास करत होते आणि पुढे कित्येक दशके तिथे परतत राहिले. विस्थापनाचा ताण शरीराचा, मनाचा आणि समाजाचा असा तिहेरी असतो, ही मांडणी त्यांची. मनाच्या ताणाचे वर्णन करताना त्यांनी फ्रीड यांचाच शब्दप्रयोग उचलला. धरणांवरच्या लेखनात तो आता इतका रुळला आहे की त्याचे मूळ शहरातल्या पाडकामात आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

इथवर हे सगळे अभ्यासकांचे झाले. कायद्याची गोष्ट वेगळी, आणि जास्त बोचरी. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली. मोठा सरकारी प्रकल्प हाती घेण्याआधी त्याच्या परिणामांचा अहवाल लिहिणे त्याने बंधनकारक केले. आपल्याकडे १९९४ आणि २००६ च्या अधिसूचनांनी आलेले पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन याच वंशातले. त्या कायद्यात ‘मानवी पर्यावरण’ असे शब्द होते. मानवी म्हटले की मन आलेच, असे लोकांनी धरले, यात त्यांचे काय चुकले?

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत अपघात झाला. त्याची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने त्याच वर्षी सांगितले की या अपघाताचा आरोग्यावरचा मोठा परिणाम म्हणजे लोकांच्या मनावरचा ताण. शेजारची पहिली अणुभट्टी धड होती. ती पुन्हा सुरू करायची ठरली तेव्हा परिसरातल्या रहिवाशांच्या एका संघटनेने हरकत घेतली: भट्टी सुरू झाली तर आम्ही कायम धास्तीत जगू, वस्ती विस्कटेल, हाही परिणामच आहे, त्याचा विचार करा. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९८२ मध्ये त्यांचे म्हणणे मान्य केले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फिरवले.

निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचा युक्तिवाद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. मनाचे आरोग्य हे आरोग्यच, हे न्यायालयाने नाकारले नाही. पण कायद्याला हवा तो भौतिक पर्यावरणातल्या बदलाचा परिणाम. अपघाताची शक्यता हा असा बदल नव्हे, आणि शक्यतेच्या भीतीने होणारा त्रास तर आणखी दूरचा. शिवाय असले दावे ऐकायचे ठरवले तर सरकारी यंत्रणांना मानसोपचाराचे ज्ञान पदरी बाळगावे लागेल, तेवढा वेळ आणि पैसा कुठून आणायचा? म्हणजे यंत्राच्या आवाजाने झोप उडाली तर ती धरता येईल, धास्तीने उडाली तर नाही. तर्क म्हणून हे चिरेबंदी आहे. ज्याच्या दाराशी भट्टी आहे त्याला ते कधी पटणार नाही. ती भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली.

न्यायालयात भौतिक बदल मागितला गेला आणि मन हरले. ते आत शिरले दुसऱ्या वाटेने, ऐकून घेण्याच्या. कॅनडाच्या उत्तरेत मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून वायुवाहिनी न्यायची होती. १९७४ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. राजधानीत बसून तज्ज्ञांचे ऐकण्यावर ते थांबले नाहीत. ३५ वस्त्यांवर जाऊन त्यांनी सुमारे हजारभर लोकांचे म्हणणे ऐकले, तेही त्यांच्या त्यांच्या भाषेत, आणि कामकाजाचे वृत्त रेडिओवरून त्या भाषांत जात राहिले. वाहिनी आली तर आमचे आमच्यावर काही चालणार नाही, ही भीती या साक्षींतून सारखी डोकावते. १९७७ च्या अहवालात बर्जर यांनी वाहिनी दहा वर्षे थांबवावी अशी शिफारस केली.

हेच बर्जर पुढे आपल्या दारी आले. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विरोध वाढल्यावर १९९१ मध्ये तिने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली, बर्जर उपाध्यक्ष. महाराष्ट्रातले पहिले बुडिताचे गाव होते अक्कलकुव्याकडचे मणिबेली. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या जंगलातली नेवाड जमीन कसणाऱ्यांच्या नावे सातबारा नव्हता, त्यामुळे सरकारी लेखी ते अतिक्रमणदार ठरत होते, यावर समितीने बोट ठेवले. जून १९९२ च्या अहवालाने बँकेला मागे हटायला सांगितले, आणि मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज संपुष्टात आले. ज्याची जमीनच कागदावर नाही त्याच्या शोकाची नोंद कोण करणार, हा माझा प्रश्न. समितीचे शब्द अधिक मोजके होते.

मनाला स्वतःचा रकाना मिळाला तो इंग्लंडमध्ये. तिथे १९९० च्या दशकात ‘आरोग्य परिणाम मूल्यमापन’ रुजत होते. लिव्हरपूलच्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. त्याची धाकटी पाती म्हणजे ‘मानसिक स्वास्थ्य परिणाम मूल्यमापन’. दक्षिण लंडनमधल्या लॅम्बेथ आणि ल्युईशम भागातल्या सार्वजनिक मानसिक आरोग्याच्या कामातून ते वाढले, आणि २००७ मध्ये त्याची हातपुस्तिका निघाली. लिव्हरपूल २००८ साठी युरोपची सांस्कृतिक राजधानी होणार होते, त्या कार्यक्रमाचेही असे मूल्यमापन झाले. रोगांची यादी या पुस्तिकेच्या केंद्रस्थानी नाही. ती तीन गोष्टी विचारते: स्वतःच्या आयुष्यावर माणसाचा ताबा किती, वस्तीची तग धरण्याची ताकद किती, आणि निर्णयात सहभाग किती.

काम चालते ते कार्यशाळेत. रहिवासी, पालिकेचे अधिकारी, प्रकल्प राबवणारे एकाच टेबलाशी बसतात. मन ठिकाणावर राहायला काय लागते याच्या चिठ्ठ्या निघतात: रात्री बाहेर पडायला भीती न वाटणे, शेजारी ओळखीचे असणे, आपल्याला कोणीतरी विचारणे. मग एका चौकटीत प्रत्येक चिठ्ठी लावायची. एका बाजूने ती गोष्ट किती महत्त्वाची, दुसऱ्या बाजूने प्रकल्पाचा तिच्यावर परिणाम किती. महत्त्वही मोठे आणि परिणामही मोठा, त्या कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यांवर पुढची चर्चा. चिठ्ठी कुठे लावायची यावरून अधिकारी आणि रहिवासी यांचे जुंपते तेव्हाच या पद्धतीचा खरा उपयोग सुरू होतो, असे मला वाटते.

‘ताबा’ या शब्दाला शास्त्राचा आधार होता. मायकेल मार्मट यांनी १९८५ पासून लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांचा अभ्यास चालवला. कामावर स्वतःची सत्ता जितकी कमी, हृदयविकाराचा धोका तितका जास्त, असे त्यातून दिसले. हातपुस्तिका निघाली त्याच वर्षी, २००७ मध्ये, वॉरिक आणि एडिनबरा विद्यापीठांच्या अभ्यासकांची १४ विधानांची मानसिक स्वास्थ्याची मोजपट्टीही प्रसिद्ध झाली.

पण मोजपट्टी हाती आली की ती कोण कुठे लावील, याचा नेम नसतो. पुस्तिकेच्या लेखकांपैकीच एक असलेल्या लीन फ्रीडली यांनी २०१५ मध्ये एका सहलेखकासोबत लिहिलेल्या निबंधात ब्रिटिश सरकारच्या रोजगार योजनांवर टीका केली. बेकारांनी दृष्टिकोन सुधारावा, सकारात्मक राहावे, अशी अट त्यांच्यावर लादली जात होती. धोरणाने माणसाच्या मनाचे काय केले हे विचारायचे सोडून, मनाने धोरणापुढे नीट वागावे, अशी उलटी गंगा. ज्यांनी हत्यार घडवले त्यांच्यापैकीच एकीने हे सांगावे, याचे मला मोल वाटते.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९७६ मध्येच प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यमापन बंधनकारक केले. ते पंचायतीशी किंवा नगरपालिकेशी सल्लामसलत करून सहा महिन्यांत पुरे करायचे. कोणते परिणाम तपासायचे याची कायद्यातली यादी लांबलचक आहे: रस्ते, गटारे, गुरांचे पाणवठे, गायराने, रेशन दुकाने, पोस्ट, अंगणवाड्या, देवळे, स्मशाने. मन त्यात नाही. ते केंद्राच्या २०१४ च्या नियमांत, संस्कृती आणि सामाजिक सलोखा या मथळ्याखाली सापडते. ‘विस्थापनाचा ताण’ एवढीच नोंद. तिच्या वर गुन्हेगारी आणि अवैध धंदे, खाली कुटुंबांची ताटातूट. ताण कोणी, कसा, कोणाला विचारून नोंदवायचा, त्याचा पुढे निवाड्यात काय उपयोग, यावर ती ओळ काही बोलत नाही. आणि प्रकल्प झाल्यावर दोन वर्षांनी परत जाऊन या ताणाबद्दल विचारण्याची सक्ती कोणावरच नाही.

राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वेसाठीचे संपादन त्यांच्या स्वतंत्र कायद्यांनी होते. तिथे २०१३ च्या कायद्याचे नुकसानभरपाईचे नियम लागू झाले, पण सामाजिक परिणाम मूल्यमापन लागू झाले नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून पायाभूत सुविधांसह काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट देण्याची सोय करून ठेवली. अशा प्रकल्पाची नोटीस गावात येते, संयुक्त मोजणी होते, निवाडा होतो. सामाजिक परिणामांचा अहवाल त्या फाइलला जोडलेला नसतो.