खाटीक गड चढला तेव्हा

रायगडाच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पाहुणा एकदा तरी तो प्रश्न विचारतोच. "मावशी, अजून किती राहिलं?" ताकाचं मडकं पुढ्यात घेऊन बसलेली मावशी शांतपणे सांगते, "ह्ये काय, आलंच की. दहा मिन्टं." दहा मिनिटांनी वरच्या वळणावर दुसरी मावशी भेटते. तिचीही दहाच मिनिटं असतात. सगळ्या मिळून पायऱ्या दीड हजारांच्या आसपास. खरा आकडा सांगितला तर निम्मे लोक तिथूनच मागे फिरतील, हे तिला पक्कं ठाऊक असतं. आणि मागे फिरलेला माणूस ताक पीत नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत नवा माणूस नोकरीला आला की एखाद्या रविवारी त्याला गड दाखवायला नेतात. नेणाऱ्यांना उत्तर माहीत असतं, तरी त्याला तो प्रश्न विचारू देतात. तेवढी गंमत ज्याची त्यानेच करून घ्यायची असते.

गडावर आलेला पाहुणा आणि त्याच्याकडे मिस्कील नजरेने पाहणारा स्थानिक, ही जोडी मात्र बरीच जुनी आहे. तिची एक नोंद थेट 1674 सालची आहे.

त्या वर्षी मे महिन्यात मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडाकडे आला. येण्याचं कारण तहाचं होतं, पण राज्याभिषेकही तोंडावर आला होता. महाराज तेव्हा पोलादपूरच्या पलीकडे प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेले होते. त्यामुळे ही मंडळी काही दिवस पायथ्याच्या पाचाडला खोळंबली. नंतर गडावर त्यांची राहण्याची सोय झाली. 6 जूनचा सोहळा ऑक्झिंडनने दरबारात हजर राहून पाहिला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. तो गडावर जेवला काय, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

ते सांगितलं आहे जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने. त्याचं प्रवासवर्णन 1698 साली लंडनला छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की इथल्या लोकांचं आवडतं खाणं म्हणजे लोणी घातलेली खिचडी. इंग्रजांना ती फार दिवस गोड लागेना. त्यांनी महाराजांच्या कानावर घातलं. मग गडावरच्या मोजक्या मुसलमानांना मटण पुरवणाऱ्या खाटकाला हुकूम झाला आणि रोज अर्धा बोकड इंग्रजांकडे जाऊ लागला. खाटीक म्हातारा होता. तरी एक दिवस तो खास गड चढून वर आला. कशासाठी? इतक्या वर्षांत खपलं नव्हतं तेवढं मटण थोड्या दिवसांत फस्त करणारी माणसं दिसतात तरी कशी, हे बघायला.

फ्रायरने हे लिहिलं ते इथे मांस किती दुर्मीळ आहे, हे आपल्या वाचकांना दाखवायला. पण किस्सा त्याच्या हातून उलटा फिरला आहे. हत्ती, सिंहासन, दरबार बघायला आलेले पाहुणेच या म्हाताऱ्यासाठी प्रेक्षणीय स्थळ झाले. त्या दिवशी गडावरचा खरा पर्यटक तोच.

पुढे 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला. वाडे जळाले, वस्ती उठली. 1896 साली टिळकांच्या पुढाकाराने गडावर उत्सव झाला आणि लोकांची पावलं पुन्हा वर वळली. पण वर होते नुसते चौथरे. बघणाऱ्याला चौथऱ्यावर माणसं दिसावी लागतात, ती गोष्टींनीच उभी करावी लागली. बाजारपेठेचे जोते इतके उंच का? तर स्वारांना घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून. ही बाजारपेठच नव्हती, असं काही अभ्यासकांचं मत आहे. पण घोड्याची गोष्ट ऐकून हसलेला पाहुणा ते जोते विसरत नाही. राजसदरेवर तर पाहुण्यालाच खेळात घेतात. एकाने नगारखान्याशी उभं राहायचं, दुसऱ्याने सिंहासनाच्या बाजूने हळूच बोलायचं. वसाहतीतली टोळकी इथे हमखास साहेबाविषयी बोलतात, आणि ते स्वच्छ ऐकू जातं.

हिरकणीची लोककथाही अशीच टिकली. दूध विकायला आलेली, दरवाजे बंद झाले म्हणून बाळाच्या ओढीने कडा उतरलेली गवळण. तिचा कागदोपत्री पुरावा मागणाऱ्याला पायऱ्यांवर दही-ताक विकणाऱ्या बायका दिसतच असतात.

1996 पासून रोपवे आहे. पाळणा चार-पाच मिनिटांत वर नेतो. तिथे 'अजून किती' विचारायला वेळच नसतो, आणि विचारायचं तरी कुणाला? 2025 च्या जुलैत रायगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी वाढेल, फलक लागतील, त्यांवर अंतरं अचूक लिहिलेली असतील. ते हवंच आहे. पण फलक ज्याला नुसतं अंतर सांगतो, त्याला मावशी वर पोचवते. तिची जागा पायऱ्यांवर राहिली पाहिजे.

कारण ऑक्झिंडनच्या तहाची कलमं आज अभ्यासकांखेरीज कुणाला आठवत नाहीत. खाटीक आठवतो. त्याचं नाव फ्रायरने लिहून ठेवलं नाही. गड चढताना त्यानेही वाटेत कुणाला तरी विचारलं असेल. उत्तर काय मिळालं असेल, ते आपल्याला माहीत आहे.