दवंडीपासून प्रसिद्धिपत्रकापर्यंत

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा एक मुलगा पेढे घेऊन आला. बालाघाटातच पदवीपर्यंत शिकलेला, वय बावीस-तेवीस. नागपूरच्या एका जनसंपर्क संस्थेत त्यास नोकरी लागली होती, अगदी खालच्या पायरीची. पाया पडून तो बसतो न बसतो तोच त्याच्या आईने माझ्यादेखत विचारले, “अरे, साऱ्या गावाला सांगत सुटला आहेस, पण तिथं काम काय करायचं ते तरी सांग.” मुलगा घोटाळला. “लोकांशी संपर्क ठेवायचा,” एवढेच त्याला सांगता आले. “मग ते तर मीही दिवसभर करते,” असे म्हणून माउली हसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, तुमचा जन्म त्यात गेला. तुम्हीच सांगा.”

मी त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. सुताराच्या हाताखाली लागलेल्या पोराला रंधा दाखविता येतो, वकिलाच्या उमेदवाराला कायद्याचे पुस्तक दाखविता येते. ह्या धंद्यातल्या नवशिक्याला दाखवावयाचे काय? विचार करता करता मी आमच्याच जिल्ह्याच्या जुन्या काळात जाऊन पोहोचलो.

श्रोतेहो, बालाघाट जिल्हा १८६७ साली निर्माण झाला. भंडारा, मंडला आणि शिवनी ह्या शेजारच्या जिल्ह्यांचे भाग तोडून तो बनविण्यात आला, आणि त्याचे ठाणे बुऱ्हा नावाच्या गावी ठेवण्यात आले. पहिले डेप्युटी कमिशनर ब्लूमफील्ड ह्यांनी घाटावरच्या ओसाड मुलखात पोवार शेतकऱ्यांची वस्ती करविली. जिल्हा मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. म्हणजे हुकूम नागपुराहून निघे, बुऱ्ह्यास येई, तेथून तहसिलीत जाई. पण तहसिलीतून गावातल्या माणसाच्या कानापर्यंत तो जाई कसा? कागद वाचणारा गावात सापडला तर सापडला. ते काम करी कोटवार. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा दिवेलागणीच्या सुमारास तो गल्लीगल्लीतून दवंडी पिटी, आणि हुकूम ज्या भाषेत लिहिलेला असेल त्या भाषेत नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगे. आमच्याकडे एकाच बाजारात पोवारी, गोंडी, मराठी आणि हिंदी कानावर पडते. तेव्हा हे काम वाटते तितके सोपे नव्हते.

दवंडी हे कोटवाराचे अर्धेच काम होते. गावातले जन्म-मृत्यू, रोगराई, चोऱ्यामाऱ्या ह्यांची खबर ठाण्यावर पोहोचविणे हे दुसरे अर्धे. वरचे खाली सांगावयाचे आणि खालचे वर. शिवाय दवंडी पिटून झाल्यावर त्याला त्याच गावात जेवावयाचे आणि निजावयाचे असे. सांगितलेली गोष्ट खोटी निघाली तर दुसऱ्या दिवशी लोक त्यालाच चावडीवर धरीत. नागपुरातल्या साहेबाला ते भय नव्हते. आज जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांतून ‘दुहेरी संवाद’ म्हणून जे मोठ्या थाटाने शिकविले जाते, ते आमचा कोटवार मुशाहिऱ्याच्या मानाने फारच स्वस्तात करीत होता.

आता कारखानदारीकडे वळू. महाराष्ट्रात ह्या विद्येचे पहिले ठळक उदाहरण मला किर्लोस्करवाडीचे दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास दोनेक वर्षे लागली असे सांगतात. हा अडथळा किमतीचा नव्हता, समजुतीचा होता. आणि समजूत काही घणाने वाकत नाही. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव तेथे आले. ते चित्रकला शिकलेले होते. जाहिराती काढणे, चित्रे रेखाटणे, मजकूर लिहिणे ही कामे त्यांच्याकडे आली. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची आणि तेथील घडामोडींची हकीकत ग्राहकांस व विक्रेत्यांस कळावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. ज्याला आज गृहपत्रिका म्हणतात तोच हा प्रकार.

पुढे जे घडले ते मात्र हिशेबात नव्हते. शंकररावांनी त्या पत्रात केवळ नांगराचे गुणगान केले नाही. वाचकाला आपल्या शेतीची, घराची, मुलाबाळांची, समाजाच्या खुळचट रूढींची चिंता आहे हे त्यांनी ओळखले आणि त्या विषयांना जागा दिली. पाहता पाहता ‘खबर’ हा शब्द गळून पडला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक उरले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडेही त्याला झाली. ज्या घरात कधी नांगर शिरला नव्हता त्या घरात हे मासिक शिरले. माझ्या आईच्या पेटीत ‘स्त्री’चे जुने अंक होते. ते काढणाऱ्यांचा नांगराचा कारखाना आहे हे तिला ठाऊक होते की नाही, देव जाणे! एक प्रसिद्धीचा कागद मराठी मध्यमवर्गाच्या विचाराला वळण लावून गेला. ह्या गोष्टीचा अभिमान बाळगण्यासही हरकत नाही आणि तिची थोडी धास्ती घेण्यासही हरकत नाही.

ह्याच सुमारास अमेरिकेत ह्या धंद्याची रीतसर घडण चालू होती. आयव्ही ली नावाच्या माजी बातमीदाराने १९०६ साली जाहीर केले, की आमचे काम उघड्यावर चालेल आणि आम्ही वर्तमानपत्रांना खरी माहिती पुरवू. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा बातमी दडपण्याऐवजी त्याने पत्रकारांना अपघाताच्या जागी नेले. आठच वर्षांनी, १९१४ साली, कोलोरॅडोतील लडलो येथे कोळसा खाणीच्या संपकऱ्यांच्या छावणीवर हल्ला होऊन बायकामुलेही मेली. तेव्हा हाच ली खाणमालक रॉकफेलर ह्यांच्या बाजूने पत्रके काढू लागला. त्यांतले काही आकडे साफ चुकीचे ठरले. चौकशी आयोगापुढे त्याने कबूल केले, की मालकाकडून आलेली माहिती आपण तपासून पाहिली नव्हती. पहिल्या पत्रकावर वाहवा मिळविणारा आणि दुसऱ्यावर तोंडघशी पडणारा माणूस एकच. आमच्या धंद्याचा सगळा इतिहास ह्या दोन प्रसंगांच्या मध्ये कोठेतरी घुटमळत आला आहे असे मला वाटते.

हिंदुस्थानात सरकारने हे काम पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने हाती घेतले. १९१८ साली मध्यवर्ती प्रसिद्धी मंडळ स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी गृहखात्यात एक लहानसा कक्ष उघडण्यात आला. आजच्या पत्र सूचना कार्यालयाचे हे मूळ. रेल्वे कंपन्याही मागे नव्हत्या. जी. आय. पी. रेल्वेच्या प्रसिद्धी विभागाने जत्रांतून फिरता सिनेमा दाखविला. खासगी उद्योगांत टाटांनी १९४३ साली मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग काढला. योगायोग असा, की त्याच १९४३ साली कलकत्त्यात डी. जे. कीमर ह्या ब्रिटिश जाहिरात संस्थेत एक उंच, अबोल तरुण दरमहा ऐंशी रुपयांवर कनिष्ठ आरेखक म्हणून लागला. त्याचे नाव सत्यजित राय. पहिल्या नोकरीचा पगार सांगताना आमच्या मुलाने मान खाली घातली होती. त्याला हे सांगावयास हवे होते.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना आल्या आणि त्या खेड्यापाड्यांत समजावून सांगण्याची गरज उत्पन्न झाली. १९५३ साली केंद्र सरकारने त्यासाठी बत्तीस फिरती पथके सुरू केली. १९५९ साली त्यांतूनच क्षेत्रीय प्रचार संचालनालय झाले, आणि २०१७ साली ते दुसऱ्या विभागांत विलीन झाले. गाडीत प्रोजेक्टर, एक पांढरा पडदा आणि बोलणारा एक माणूस. अंधार पडला की शाळेच्या मैदानात पडदा लागे. मुले पुढे, बायका एका बाजूला, आणि म्हातारे सर्वांत मागे, विडी ओढीत. धरणे, खते, देवीची लस. चित्रातले शब्द कोणाला कळोत न कळोत, चित्र थांबले की त्या बोलणाऱ्याला प्रश्न पडत. कोटवाराचीच गादी ती, फक्त वीज लागलेली.

आमच्या जिल्ह्यापुरता ह्या कथेत आणखी एक पेच आहे. जुन्या मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने मराठी व हिंदी ह्या दोन्ही राजभाषा मानल्या होत्या. डॉ. रघुवीर ह्यांच्या देखरेखीखाली नागपुरात प्रशासनाची नवी परिभाषा घडविण्याचे काम चालले होते. संस्कृतातून घडविलेले ते शब्द भारदस्त खरे, पण दवंडी पिटताना कोटवाराची जीभ अडखळावी असे. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट नागपूर विभागातला असूनही मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. नागपूर गोंदियावरून हाकेच्या अंतरावर, भोपाळ मात्र सातपुड्यापलीकडे. सरकारी पत्रक भोपाळहून हिंदीत येऊ लागले. इकडे भरवेलीची मॅंगनीज खाण बालाघाटात, पण तिचा कारभार नागपुरात. १८९६ सालच्या जुन्या सिंडिकेटची पुढे कंपनी झाली, १९६२ साली तिच्या जागी सरकारी भागीदारीची कंपनी आली, आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली. मुख्य कचेरी नागपूरच राहिली. म्हणजे खणणारे हात येथे आणि बोलणारे तोंड तेथे. ह्या दोहोंच्या मध्ये जो नवा पोरगा बसतो, त्याला दोन भाषा तर याव्याच लागतात. पण खाणीत उतरणारा माणूस कसा बोलतो हे ऐकलेला कानही लागतो.

माझी स्वतःची सुरुवात नागपुरातल्या एका लहानशा जाहिरात संस्थेत झाली. सकाळी सातला जावयाचे, ‘तरुण भारत’, ‘हितवाद’, ‘नवभारत’ पुढे घ्यावयाचे, कात्री चालवावयाची, कात्रणे डकवावयाची. दुपारी पत्रके सायक्लोस्टाइल करावयाची आणि संध्याकाळी सायकलीवरून कचेऱ्यांत वाटावयाची. तिसऱ्या महिन्यात एका कारखान्याचे पत्रक आले. बॉयलरजवळ अपघात होऊन तीन कामगार ‘किरकोळ’ जखमी झाले होते. मी ते शुद्ध मराठीत उतरविले आणि घेऊन गेलो. उपसंपादक वयस्कर होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, “पाहिलेत का त्यांना?” मी म्हटले, “नाही.” “मग किरकोळ कोण म्हणतो?” मला उत्तर आले नाही. परतताना इस्पितळ वाटेवरच होते. तिघांपैकी एकाचा हात कोपरापर्यंत भाजलेला होता, आणि त्याची बायको खाटेखाली पोराला निजवीत होती. कचेरीत येऊन मी ते सांगितले. वरिष्ठ म्हणाले, “शब्द त्यांचा आहे, आपला नाही.” दुसऱ्या दिवशी पत्रक छापून आले. तो एक शब्द त्यात नव्हता. उपसंपादकांनी तो काढला होता. मी काढला नव्हता, हे मला आजही चांगले आठवते.

नंतर १९८४ साली डिसेंबरात भोपाळला जे घडले, ते तर जगाला ठाऊक आहे. त्या रात्री रुग्णांची रीघ लागली असता, हा वायू केवळ डोळ्यांची आग करणारा आहे, प्राणघातक नाही, असे कारखान्याकडून डॉक्टरांस सांगण्यात आल्याचे नोंदले गेले आहे. तेथे मेलेल्यांचा आकडा हजारांत आहे. ‘किरकोळ’ ह्या शब्दाची मजल कोठवर जाते, ते त्या वेळी मला कळले.

त्या मुलाचा परवा नागपुराहून फोन आला होता. काम अजून कात्रणांचेच आहे. फक्त कात्री गेली आणि तिच्या जागी संगणकाचा पडदा आला. गोंदियाकडे मराठी आणि बालाघाटकडे हिंदी, अशी दोन्ही पत्रके आता त्याच्याकडेच असतात. बोलता बोलता त्याने विचारले, “काका, एका कारखान्यात छोटा अपघात झाला आहे. ‘किरकोळ जखमी’ला हिंदीत ‘मामूली’ बरा, की ‘साधारण’?”

मी विचारले, “किती जणांना लागले आहे?”

तो म्हणाला, “ते पत्रकात लिहिलेले नाही. थांबा, विचारून सांगतो.”