शिकल, कलई आणि काळा गंज : ठाणे-कल्याण परिसरातील शस्त्रांच्या निगेचे शब्द

शस्त्र कोणी घडविले आणि कोणावर चालविले याची चर्चा आपल्या इतिहासग्रंथांत विपुल आहे. दोन लढायांच्या मधल्या दीर्घ काळात ते कोणी जपले, याची चर्चा क्वचितच आढळते. वास्तविक ठाणे-कल्याणसारख्या खाडीकाठच्या मुलखात लोखंडाचा खरा शत्रू खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस हाच होय. 1657 साली कल्याण शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले, 1737 साली ठाण्याचा कोट मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला व 1774 साली तो इंग्रजांकडे गेला. सत्ता पालटली, गंज मात्र कोणाच्याच अमलाखाली आला नाही. त्याच्याशी झगडणाऱ्यांची भाषा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या व्यवसायाचा आपल्याकडील जुना शब्द ‘शिकलगार’ हा होय. अरबीतील ‘सैकल’ म्हणजे घासूनपुसून उजळणारा, वा उजळण्याची क्रिया. त्यास फारसी ‘गर’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागला. मराठीत येताना मूळच्या ‘स’चा ‘श’ झाला. हा बदल आकस्मिक नाही. ‘सिपाही’चा शिपाई, ‘सिक्का’चा शिक्का आणि ‘सिफारिश’ची शिफारस ज्या नियमाने झाली, त्याच नियमाने इकारापूर्वीचा सकार येथेही तालव्य झाला आहे. हिंदीत ‘सिकलीगर’ असा दंत्य सकार टिकला. याचा अर्थ असा की, हा शब्द केवळ दरबारी कागदांत राहिला नाही. तो मराठी बोलणाऱ्यांच्या जिभेवर रुळला. शिवकाळी सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग योजून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तथापि शिकलगार लोकव्यवहारातून हटला नाही, आणि आडनावाच्या रूपाने तो आजही नांदत आहे.

आता या शब्दकुळाची अर्थरचना पाहावी. ‘शिकल करणे’ ही काढून टाकण्याची क्रिया आहे : गंज काढावा, धातू उघडा करावा, त्यास जिल्हई आणावी. याच्या उलट ‘कलई’ व ‘मुलामा’ हे शब्द वर चढविण्याच्या क्रियेचे आहेत. तेथे एका धातूवर दुसऱ्याचे आवरण येते. तलवार, भाला, कट्यार यांच्यासाठी एवढे दोन भेद पुरेसे होते, कारण उजळ पाते हीच त्यांची शोभा होती.

बंदुकीने तिसरी क्रिया आणली. एकोणिसाव्या शतकात युरोपीय बंदुकांच्या नळ्या मुद्दाम तपकिरी वा निळसर-काळ्या करण्याची रीत सार्वत्रिक झाली. तिचे मर्म असे : नळीवर पातळ, सारखा गंज हेतुपुरस्सर आणावयाचा, मोकळा भाग घासून काढावयाचा, आणि ही क्रिया अनेकदा करावयाची. अशी नळी पाण्यात उकळली असता तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये पालटतो. पुढे विसाव्या शतकात दाहक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे 140 अंश सेल्सियस तापलेल्या द्रावणात हेच काम त्वरेने होऊ लागले. येथे काही काढलेले नाही आणि परके काही चढविलेलेही नाही. लोखंडाचीच त्वचा बदलली आहे. तेलाचा हात मिळत राहिला तर हा काळा गंज तांबड्या गंजास अडवितो.

या क्रियेस मराठीत स्वतःचा शब्द मिळाला नाही. 1878 च्या शस्त्रकायद्याने घरोघरची शस्त्रे परवान्याच्या कक्षेत आली. शिकलगाराचे हात सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. 1953 साली अंबरनाथला संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी निघाली, पुढे ठाण्याची वागळे इस्टेट व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. तेथील कारागिरांच्या तोंडी ‘ब्लॅकोडायझिंग’ हा शब्द आला. पण तो कारखान्यातच राहिला. घरात म्हणावयाचे ते ‘काळा रंग देणे’.

या शब्दाने काय घडते ते प्रस्तुत लेखकाने कल्याणातील एका घरी पाहिले. खंडेनवमीस पूजेत मांडलेली परवान्याची जुनी ठासणीची बंदूक नवी दिसावी म्हणून तिची नळी पॉलिशपेपरने घासून तिला तैलरंग लावला होता. दोन पावसाळ्यांत रंगाखाली गंज धरला. त्याहून मोठी हानी निराळीच : नळीवर कोरलेल्या देवनागरी ओळीतील दोनच अक्षरे शिल्लक होती. घरमालकांचा हेतू आदराचाच होता. ते म्हणाले, “रंग उडाला होता, म्हणून दिला.” रंग मुळात नव्हताच, हे सांगणारा शब्द त्यांना कोणी दिला नव्हता.

बाजारात मिळणारे थंड द्रावणही यावर पुरता उपाय नव्हे. त्यातील सेलेनियस आम्ल व ताम्रक्षार यांमुळे लोखंडावर तांबे-सेलेनियमचा अतिपातळ काळा थर बसतो. लहानसा ओरखडा त्याने झाकतो, पण हाताळणीने तो लवकर झिजतो, आणि सेलेनियमची संयुगे विषारी असतात. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रांची दुरुस्ती हे परवानाधारकाचे काम आहे. घरी करावयाचे ते इतकेच : कोरड्या मऊ कापडाने पुसावे, तेलाचा पातळ हात द्यावा, आणि झिजलेला भाग झिजलेलाच राहू द्यावा. झीज हाही पुरावा आहे. कोणत्या हाताने शस्त्र कोठे धरले, हे ती सांगते.

परिभाषेसाठी संस्कृत धातू शोधण्याची येथे गरज नाही. ‘काळा गंज चढविणे’ असे साधे मराठी म्हटले तरी पुरे. गंजही राखण करू शकतो, हे ऐकणारा क्षणभर थबकेल. आणि तेवढ्या थबकण्यात एखाद्या नळीवरची अक्षरे वाचतील.